शनिवारचं तेल

आमच्या आणि आक्कांच्या परसामध्ये पऱ्हाट्यांचं कूड आहे. संक्रांतीनंतर कापसाची रानं मोकळी झाली की ते नवं उभं राहतं आणि ज्येष्ठ उजाडेपर्यंत निम्मं चुलीत गेलेलं असतं. दोन्हीकडच्या चुलींना सकाळी पेटवणाला चार काड्या लागतातच, अन् त्यासाठी सरपणाच्या खोपीपर्यंत कोण जाणार? तिकडून त्या उपसतात, इकडून मी उपसते, आणि वाळवीनं कूड खाल्लं असं दोघी आपापल्या घरी सांगतो. कूड विरळ झालं की गप्पा दाट होतात. सध्या मध्ये एवढी खिंड पडलीय की आक्कांच्या कोंबड्याच काय, पिठल्याचं पातेलंही आरपार येतं.

गाव आमचं जालन्याहून भोकरदनला जाताना राजूरच्या अलीकडं. इथं शनिवार कळायला कॅलेंडर लागत नाही. सकाळी आठच्या सुमाराला कुडापलीकडून कडू, उग्र, घशापर्यंत जाणारा वास येतो. मी चहाचा कप घेऊन खिंडीत उभी राहिले.

"आक्का, शनिवार उजाडला वाटतं?"

"वाटतं काय वं बाई, उजाडलाच. मारुतीला पळीभर घालून आले, आता हिला वाटीभर. त्याला गोडं, हिला कडू."

हिला म्हणजे मैनेला. मैना एचएफ, काळीपांढरी, अंगानं थोराड आणि कातडीनं नाजूक. आक्का तिच्या कानाच्या पाळीत बोटं घालून तेल चोळत होत्या आणि मैना त्यांच्याकडं नव्या सुनेनं सासूकडं बघावं तशी बघत होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं म्हणून गाव मला बाई म्हणतं. आक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या, तरी त्याही म्हणतात. माझ्या दावणीला एक लाल कंधारी आणि दोन शेळ्या. कंधारीलाही गोचीड लागतात, नाही असं नाही, पण मैनेच्या मानानं चतकोर. गावरान जनावराची कातडी कशी, माशी बसली की सगळं अंग थरथरवून उडवते. मैनेला तेवढाही आळस सोडवत नाही.

"पण आक्का, नेमकं शनिवारीच का? गोचीड काय वार बघून येतो?"

"गोचीड वार बघत न्हाई, पर माणूस विसरतंय ना! डॉक्टर म्हणले, आठ दिसांनी लावा. आता आठाचे दहा हुतेत, दहाचे पंधरा. तवर तो गोचीड नातवाचं बारसं उरकतो. म्हणून मी मारुतीच्या माथी मारलं. त्याचा वार काही चुकत न्हाई, मंग हिचाबी चुकत न्हाई."

बारशाचं त्या थट्टेत म्हणाल्या, पण हिशेब चोख आहे. आपल्याकडं गायीवर सर्रास दिसणारा जो गोचीड, त्याचं शास्त्रातलं नाव ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस. तो राजगिऱ्याच्या दाण्याएवढा असताना गायीवर चढतो, तेव्हा त्याला सहाच पाय असतात. तिथंच दोनदा कात टाकून आठ पायांचा होतो, तिथंच मादी रक्त पिऊन एरंडीच्या बीएवढी फुगते, आणि साधारण तीन आठवड्यांनी आपणहून गळून पडते. तीन आठवडे म्हणजे तीन शनिवार. एका पिढीला तीनदा तेल आडवं येतं. एक शनिवार हुकला तर एखादी मादी पोट भरून सुखरूप खाली उतरते आणि फटीत शिरून दोन-तीन हजार अंडी घालते.

हे सगळं मी आक्कांना सांगितलं.

"झाली शाळा सुरू," त्या म्हणाल्या. "दोन हजार काहून, दोनशे म्हणल्या असत्या तरी मी तेल लावलंच असतं."

तेलाची कृती आक्कांची स्वतःची नाही, आणि त्या तसं म्हणवूनही घेत नाहीत. २०२२ साली लम्पी आला तेव्हा जनावरांचे बाजार बंद पडले, गावोगाव गोठ्यांत धूर आणि फवारण्या सुरू झाल्या. चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांनी तो रोग पसरतो म्हणून एक कृती मोबाइलवरून हातोहात फिरली होती : एक लिटर पाण्याला निंबोळीचं तेल १० मिली, करंजाचं तेल १० मिली, निलगिरीचं तेल १० मिली आणि अंगाच्या साबणाचा दोन ग्रॅम चुरा. लम्पी ओसरला, लोक विसरले, आक्का विसरल्या नाहीत. फक्त निलगिरी त्यांनी काढून टाकलं. "तेवढ्या बाटलीत मपल्या गुडघ्याचं भागतं," असं त्यांचं म्हणणं.

साबणाशिवाय मात्र चालत नाही. पहिल्या वर्षी त्यांनी साबण वगळला होता. तेल वर तरंगत राहिलं, पंपानं आधी नुसतं पाणी ओढलं, आणि तळाशी राहिलेलं निव्वळ कडू तेल शेवटी एकाच जागी, मैनेच्या पाठीवर, भर दुपारच्या उन्हात. चार दिवसांत तिथली कातडी भाजल्यासारखी सोलून निघाली. तेव्हापासून साबण कोमट पाण्यात विरघळवायचा, त्यात तेल धारेनं सोडायचं आणि दूध होईपर्यंत घुसळायचं. घुसळायला रवी. रवी स्वयंपाकघरातली! सुनेनं त्या दिवशी ताकाला वास कसला म्हणून विचारलं आणि घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. आता गोठ्यात वेगळी रवी टांगलेली आहे, दांड्याला लाल दोरा बांधून.

अंगावर फवारायचं ते पातळ; आणि कानाच्या आत, शेपटीच्या मुळाशी, मांड्यांच्या बेचक्यात, गळ्याच्या पोळीखाली चोळायचं ते गोड्या तेलात निम्मं मिसळलेलं. कोवळ्या उन्हात, धार काढून झाल्यावर. या "झाल्यावर"ला महत्त्व आहे, ते मला माझ्या गाढवपणानं कळलं. मी एकदा आधी तेल लावलं, मग धार काढली, सड नीट धुतले नाहीत. दूध संकलन केंद्रावर झाकण उघडताच माणसानं नाक मुरडलं. "बाई, हे गायीचं हाय का लिंबाचं?" सगळी लाइन हसली. ते दूध मी परत आणून मांजराला घातलं, मांजरानंही सोडलं.

"आक्का, खरं सांगा, यानं गोचीड मरतो?"

आक्कांनी हात कासऱ्याला पुसले. "संध्याकाळपातूर मरत न्हाई. औषधवाल्या दुकानातल्या बाटलीनं कसे फटाफट पडतेत, तसं न्हाई. पर नवा चढत न्हाई लवकर. आन् जो हाय तो सुस्तावतो. पडलेली मादी बगा तुमी, वाळून खारीक हुते."

आक्कांचं निरीक्षण अभ्यासकांच्या बोलण्याशी जुळतं. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन हे झटक्यात मारणारं विष नाही. किड्याची कात टाकायची आणि अंडी घालायची घडी ते विस्कटतं. तेलाचा थर त्याच्या अंगावरची श्वासाची भोकं बुजवतो आणि वासानं उरलेले बिचकतात. उन्हानं हे अझाडिरॅक्टिन लवकर उतरतं, म्हणून आठवड्याची पाळी. ज्याला एका रात्रीत निकाल हवा असेल त्यानं या वाटेला जाऊच नये, चार दिवसांनी तो तेलाला शिव्या देतो.

दुकानातल्या बाटलीचंही एक आहे. आक्कांचा मुलगा डेल्टामेथ्रिन आणायचा. पहिल्या वर्षी सांगितलेल्या मापानं भागलं, दुसऱ्या वर्षी दीड माप, तिसऱ्या वर्षी गोचीड आंघोळ केल्यासारखे ताजेतवाने. देशात बऱ्याच ठिकाणी गोचीड या औषधांना सरावल्याचं संशोधक सांगतात. कमी-जास्त माप आणि तेच ते औषध, यानं ते सरावतात. मग कुणीतरी आयव्हरमेक्टिनची सुई सुचवतं. त्या सुईचा अंश दुधात उतरतो, दूध देणाऱ्या गायीला ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नसते. "विचारतं का कुणी?" मी म्हणाले. आक्का तेवढ्यापुरत्या मैनेच्या शेपटीत गुंतल्या.

मग त्यांचा आवाज खाली आला. आवाज खाली आला की समजावं, प्रस्तावना संपली.

"गिरणीमागचे हायेत ना, ते काय लावतेत म्हाईत हाय का? ट्रॅक्टरचं जळकं ऑइल!"

"अगंबाई!"

"व्हय. बैल अस्सा काळाकुट्ट. म्हणलं, ओ भाऊ, बैल हाय का बेरिंग? तर म्हणतो, फुकट मिळतंय. बैल चाटतंय ते अंग, पोटात जातंय. केस गेले पाठीचे. पोळ्याला झूल घालून झाकतील आता."

"आणि गोचीड?"

"ते बसलेत की खुशाल गव्हाणीखाली."

हे गव्हाणीखालचं प्रकरण आक्कांचं आवडतं. त्यांचं म्हणणं, गोचीड गायीवर पाहुणा असतो, भिंतीत घरजावई. आणि ते सोळा आणे खरं आहे. गायीवर दिसतात ते थोडे; अंडी, पिल्लं, दबा धरून बसलेले उपाशी गोचीड हे सगळं बिऱ्हाड मातीच्या भिंतीच्या भेगांत, दावणीच्या दगडांखाली, उकिरड्याच्या कडेला. उपाशी पिल्लं महिनोन् महिने तग धरतात. म्हणून आक्का उन्हाळ्यात आधी भिंत धरतात : भेगा शेणमातीनं लिंपायच्या, वर चुना, कोपऱ्यांत तेच तेलपाणी, आणि शेण रोज गोठ्यापासून लांब. गेल्या वर्षी नुसतं तेल लावलं आणि भिंत राहिली, तर श्रावणात मैनेचे कान पुन्हा जोंधळ्याच्या कणसासारखे भरले होते.

कोंबड्या मात्र हे काम फुकट करतात. आक्कांच्या कोंबड्या सकाळी मैनेच्या पायांत, दुपारी खिंडीतून माझ्या कंधारीखाली. अंडी त्या आक्कांकडे घालतात. यावर आमचं एकदा बोलणं झालं होतं, ते इथं सांगत नाही.

"आन् त्या कोपऱ्यावरच्या पोराचं ऐकलं का?" आक्कांनी पुढचं पान उलटलं. त्या पोरानं मोबाइलवर बघून सीताफळाच्या बिया वाटल्या आणि वासराच्या डोक्याला थापल्या. सीताफळाच्या बियांनी उवा मरतात हे आमच्या आज्यांना ठाऊक होतं; गोचिडावरही त्या चालतात. पण पोरीच्या केसाला ते लावताना आजी आधी कपाळावर फडकं घट्ट बांधायची, कारण डोळ्यात गेलं तर डोळा जाण्याची पाळी येते. मोबाइलमधल्या माणसानं फडक्याचं सांगितलं नव्हतं. वासरानं डोकं खांबाला घासलं. आठ दिवस त्याचा डोळा माणकासारखा लाल, दवाखान्याच्या चार चकरा. तंबाखूच्या काढ्याचंही असंच. जुनं औषध आहे म्हणून ते निरुपद्रवी असतं असं नाही. माणसाला जशी विडी लागते तशी जनावराला तंबाखू भोवते.

"अमेरिकेनं या तेलावर मालकी सांगितली होती, ठाऊक आहे का तुम्हाला?" मी विषय बदलला, कारण कोपऱ्यावरचं पोर माझा विद्यार्थी.

"कोण अमेरिका?"

मी सांगितलं. डब्ल्यू. आर. ग्रेस नावाची तिकडची कंपनी आणि अमेरिकेचं कृषी खातं, दोघांना मिळून युरोपच्या पेटंट कचेरीनं १९९४ साली लिंबाच्या तेलावर पेटंट दिलं. आपल्या वंदना शिवा आणि युरोपातल्या दोन बायका त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. हे आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, तुम्ही नवं काय शोधलंत, एवढाच मुद्दा. साक्षीला पुण्याकडचे एक कारखानदारही गेले होते. मे २००० मध्ये म्युनिकला ते पेटंट रद्द झालं, कंपनीनं अपील केलं, तेही मार्च २००५ मध्ये फेटाळलं.

आक्कांनी वाटी खाली ठेवली. "गोचिडाचं तेल व्हतं ते?"

"नाही, पिकावरच्या बुरशीचं."

"मंग आपलं वाचलं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा चोळू लागल्या. थोड्या वेळानं : "पर बाई, लिंबाखाली बाज टाकायचेबी पैशे मागितले असते का वं त्यांनी?"

जुनं ज्ञान लिहून ठेवलेलं नसलं की कुणीही त्यावर सही करतो. पुण्यात पशुवैद्य बायकांनी १९९२ च्या सुमाराला सुरू केलेल्या ‘अंथ्रा’ या संस्थेनं महाराष्ट्र-आंध्रातल्या पशुपालकांकडून, त्यातही बायकांकडून, अशी औषधं ऐकून, लिहून, तपासून ठेवली. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं तमिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठाबरोबर ज्या कृती प्रसिद्ध केल्या त्यांत गोचिडावर तेल नाहीच, पाला आहे : दहा पाकळ्या लसूण, मूठभर लिंबाचा पाला, मूठभर लिंबोळ्या, १० ग्रॅम वेखंड, २० ग्रॅम हळद, मूठभर घाणेरीचा पाला, मूठभर तुळस. सगळं वाटून एक लिटर पाण्यात कालवायचं, गाळायचं, जनावरावर आणि गोठ्याच्या फटींत मारायचं, आठवड्यातून एकदा, ऊन असताना. पुन्हा तोच आठवडा. मी ही कृती कंधारीसाठी दोनदा केली. लागू पडते, पण पाटा धुता धुता हात पिवळे होतात आणि घाणेरीचा वास जेवणापर्यंत हातावरून जात नाही. तेल बरं.

तेल मिळवणं हीच खरी कटकट. मी गेल्या वर्षी मोंढ्यातून एक बाटली आणली. लेबलवर लिंबाचं हिरवंगार झाड. घरी बूच काढलं तर वास रॉकेलचा. आक्कांनी दोन थेंब तळहातावर चोळले, हुंगले आणि निकाल दिला : "यात लिंब फक्त चित्रात हाय." खरं निंबोळीचं तेल थंडीत थिजतं, लसूण कुजल्यासारखा वास मारतं आणि जिभेला लागलं तर दुपारपर्यंत जात नाही. शेंगदाण्याचे लाकडी घाणे आता पुन्हा निघालेत, पण घाणेवाले लिंबोळ्या घ्यायला तयार नसतात. मागून येणाऱ्याचं गोडं तेल कडू होतं. आक्कांची आई घरीच काढायची. वाळलेल्या बिया कुटून पाण्यात उकळायच्या, वर आलेलं तेल पळीनं निपटायचं. दिवसभराच्या जाळाला अर्धा तांब्या तेल. आक्कांनी त्यावर तोडगा काढलाय. घाणेवाल्याला हंगाम संपल्यावर, घाणा धुवायच्या आदल्या दिवशी गाठायचं, आणि पेंड त्यालाच ठेवू द्यायची.

एवढ्यात मैनेच्या पायाशी एक फुगलेला गोचीड पडला आणि मी सवयीनं चपलेखाली घेणार, तर आक्का ओरडल्या. त्यांच्याकडं साबणाच्या पाण्याचा डबा असतो, काडीनं उचलून त्यात. नखानं चिरडायचं तर नावच नको. हे त्यांना २०२० साली कळलं, पालघरकडं काँगो तापाचा इशारा निघाला तेव्हा. गुजरातेत २०११ मध्ये त्या तापानं माणसं गेली होती, आणि तो ज्या जातीच्या गोचिडातून येतो तो फुटल्यावर त्याचं रक्त हाताच्या चिरेतून आत जाऊ शकतं. आमच्या बाजूला सगळ्या बायकांच्या हातांना कापूस वेचून चिरा असतातच.

"वरच्या आळीतली गाय गेली ना परवा," आक्का म्हणाल्या. या वेळी आवाज खाली गेला नाही, नुसता बसला.

ती गाय लाखाच्या पुढची होती. अंगात ताप होता, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजली होती, डोळ्याच्या पापण्या आतून पांढऱ्या फटक. घरचे पाच दिवस तेल चोळत राहिले. आक्कांच्याच तेलाची वाटी नेली होती त्यांनी.

"मी म्हणलं व्हतं वं, हे तेल भायेरचं हाय. रक्तात गेलेल्याला काय करील ते? ताप आला का डॉक्टर बोलवा म्हणलं. तर म्हणे, आक्का, तुमची मैना तर तेलानंच ठणठणीत हाय."

गोचीड ताप म्हणतात तो हाच, थायलेरिया. संकरित गायींना तो झोपवतो. लाल लघवी हा त्याचाच चुलतभाऊ, बबेसिया. दोन्हींवर सुया आहेत, दोन्ही वेळेत दिल्या तर गाय उठते. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा फोन आहे, तो आक्कांनी आता गोठ्याच्या भिंतीवर गेरूनं लिहिलाय, नव्या चुन्यावर, मोठ्या आकड्यांत. वाटी मागायला येणाऱ्या प्रत्येकीला त्या आधी तो वाचायला लावतात. वाचता येत नसेल तिला पाठ करायला लावतात. मग तेल.

उन्हं वर आली. मैनेचं आवरलं. आक्का खिंडीतून माझ्या परसाकडं बघत होत्या, माझ्याकडं नाही, माझ्या लिंबाकडं.

"बाई, तुमच्या झाडाखाली पिवळा सडा पडलाय अन् तुमी चहा पिताय."

खरंच पडलाय. जोराचा पाऊस आला की या लिंबोळ्या चिखलात जातात, बुरशी धरतात, मग त्यांचं तेल निघत नाही. पिकलेल्या वेचून गर धुवायचा, बिया सावलीत वाळवायच्या, गोणपाटाच्या पोत्यात भरायच्या. प्लॅस्टिकच्या पोत्यात त्या घामेजतात. तुमच्याही दारात लिंब असेल तर या चार दिवसांत खालची जागा झाडून घ्या. आणि वेचायला उशीर होणार असेल तर आक्कांना कळवा, त्या पाटी घेऊन येतील.